लघु वाग्यंत्रे आणि स्वायत्त मध्यवर्ती साहाय्यक

तोंडी आज्ञा ऐकून दिवा लावणारे यंत्र आता नवलाचे राहिलेले नाही. परंतु त्या यंत्राने ऐकलेला आवाज कोणाच्या संगणकावर जातो, हा प्रश्न मात्र अद्याप मिटलेला नाही. ॲमेझॉन कंपनीच्या 'इको' यंत्रांपैकी काहींमध्ये ध्वनिमुद्रण बाहेर न पाठविण्याची सोय होती. २८ मार्च २०२५ पासून ती काढून घेण्यात आली. ज्याला घरातील बोलणे परस्वाधीन करावयाचे नाही, त्याने स्वतःच्या मालकीचा मध्यवर्ती संगणक राखावा आणि खोल्याखोल्यांतून त्याचे केवळ कान ठेवावेत, हा मार्ग त्यामुळे विचारार्ह ठरतो. 'होम असिस्टंट' या मुक्त आज्ञावलीच्या आधारे त्याची घडण येथे पाहावयाची आहे.

बुद्धी एका ठिकाणी आणि कान अनेक ठिकाणी, अशी विभागणी का करावी लागते? वाणीसाठी प्रतिसेकंद १६,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्यास २ बाइट धरले, तर एका सेकंदाचा आवाज ३२,००० बाइटांचा होतो. खोलीत ठेवावयाच्या यंत्रात बहुधा 'ईएसपी३२-एस३' ही चिप असते. तिच्या अंगची स्मृती ५१२ किलोबाइट, म्हणजे सुमारे १६ सेकंदांच्या बोलण्यापुरती. उलटपक्षी, वाणीचे लेखन करणाऱ्या 'व्हिस्पर' प्रणालीच्या 'स्मॉल' या आवृत्तीतच २४ कोटी ४० लाख प्राचले आहेत. ती या चिपमध्ये मावणे अशक्यच होय.

तरीही एक काम खोलीतच व्हावे हे इष्ट असते, ते म्हणजे संबोधन-शब्द ओळखण्याचे. ते मध्यवर्ती संगणकावर सोपविले, तर प्रत्येक खोलीतून दिवसाला सुमारे २.७६ गिगाबाइट आवाज अखंड वाहत राहील. वाहिनीवरील भारापेक्षा मला यातील दुसरी गोष्ट अधिक खटकते: खोलीतील प्रत्येक शब्द तारेवर चढेल. शब्द यंत्रातच ओळखला गेला, तर त्यापूर्वीचे बोलणे खोलीबाहेर जात नाही. यंत्राने मागील क्षणांचा आवाज एका लहानशा वर्तुळाकार साठ्यात धरून ठेवणे मात्र आवश्यक असते; कारण माणूस संबोधन उच्चारून थांबत नाही, तो पुढे बोलतच असतो.

पुढील वाटचाल सरळ आहे. 'वायोमिंग' हा संकेत वापरल्यास जेसन-रूपातील एक ओळ आणि तिच्यामागोमाग कच्चा ध्वनी, अशा पुडक्यांनी आवाज केंद्राकडे जातो. या संकेतात ओळखपरीक्षा नाही आणि गुप्तलेखनही नाही. तेव्हा ही यंत्रे घरातील स्वतंत्र, बंदिस्त जाळ्यातच ठेवावीत. परकीय कंपनीपासून आवाज वाचवून तो शेजाऱ्याच्या हाती देण्यात कोणते शहाणपण?

खरी अडचण लेखनानंतर, अर्थग्रहणात येते आणि मराठीत ती विशेष जाणवते. साच्यांवर चालणाऱ्या अर्थग्रहणात वाक्याचा सांगाडा ठरलेला असतो व खोलीचे नाव त्यात जसेच्या तसे बसवावयाचे असते. इंग्रजीत नाव बदलत नाही. मराठीत 'दिवाणखाना' हे नाव आज्ञेत 'दिवाणखान्यातला दिवा' असे येते. म्हणजे आधी सामान्यरूप, मग प्रत्यय, आणि तो प्रत्ययही वस्तूच्या लिंगवचनाप्रमाणे पालटणारा: दिवाणखान्यातली बत्ती, दिवाणखान्यातले दिवे. त्यात पुन्हा 'लाव', 'लावा', 'लावतोस का' हे भेद आहेतच. यादीत केवळ मूळ नाव नोंदवले, तर अचूक लिहिलेले वाक्यही यंत्रास कळणार नाही. प्रत्येक नावाची सामान्यरूपे यादीत घालणे हा कंटाळवाणा, पण खात्रीचा उपाय होय. मोठ्या भाषिक प्रतिमानाकडे वाक्य सोपविल्यास हा त्रास वाचतो. परंतु त्यासाठी समर्थ संगणक हवा आणि उत्तरास विलंब लागतो. दहा भाषांच्या २००९ मधील एका अभ्यासात होकार-नकाराच्या प्रश्नांना मिळणाऱ्या उत्तरापूर्वीचे अंतर सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद आढळले होते. यंत्राला तेवढी तत्परता साधत नाही, कारण वक्त्याचे बोलणे संपले की केवळ श्वास घेतला, हे ठरविण्यासाठीच त्याला काही काळ शांतता ऐकत बसावे लागते.

एका बाबतीत मात्र ही विभागणी मदतीस येते. कोणत्या यंत्राकडून आवाज आला हे केंद्राला ठाऊक असते; त्यामुळे माजघरातील यंत्रापुढे 'दिवा लाव' एवढेच म्हटले तरी माजघरातलाच दिवा लागतो, आणि सामान्यरूपाचा प्रसंगच उद्भवत नाही.