मनगटावरचा हिशेब

गेल्या नाताळच्या सुटीत बेळगावचा माझा भाचा मुरुडेश्वरला गेला होता. तेथून होडीने नेत्राणी बेटाजवळ जाऊन त्याने दोन दिवस श्वसनटाकी पाठीवर बांधून समुद्रात बुड्या मारल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला तो शेवटची बुडी आटोपून वर आला आणि त्याने फोन केला, "मामा, रात्री जेवायला घरीच येतो." मी त्याला रात्रीचा मुक्काम किनाऱ्यावरच कर, असे बजावले. तो हिरमुसला. "पण मामा, कॉम्प्युटरनं एकदाही धोक्याची खूण दाखवली नाही!"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. प्रश्न इतकाच, की मनगटावरचा तो कॉम्प्युटर नेमका कोणाचा हिशेब करतो?

पाण्यात दहा मीटर खाली गेले की शरीरावरचा दाब दुप्पट होतो. त्या दाबाची हवा श्वासात घेतल्याने तिच्यातील नायट्रोजन रक्तात व शरीराच्या पेशींत विरघळू लागतो. सावकाश वर आल्यास तो श्वासावाटे निघून जातो. घाई केल्यास मात्र सोड्याच्या बाटलीचे बूच काढावे तसे बुडबुडे उठतात. त्यातून सांधे ठणकतात, अंगाला मुंग्या येतात आणि प्रसंगी अर्धांगही लुळे पडते.

या दुखण्याला गणितात प्रथम बांधले ते जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने. शेळ्यांवर प्रयोग करून त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९०८ साली पाणबुड्यांसाठी तक्ते प्रसिद्ध केले. (याच हॉल्डेनचे पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले.) शरीर म्हणजे जणू पाच पात्रे असून काही लवकर तर काही सावकाश भरतात, अशी थोरल्या हॉल्डेनची कल्पना होती. पुढे ज्यूरिकच्या आल्बर्ट ब्यूलमान यांनी पात्रांची संख्या सोळावर नेली. त्यांतील सर्वांत जलद पात्र चार मिनिटांत निम्मे भरते. सर्वांत मंद पात्रास त्यासाठी ६३५ मिनिटे, म्हणजे दहा तासांहून अधिक वेळ लागतो. आजचे पुष्कळ कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी खोली मोजून याच सोळा पात्रांचा जमाखर्च मांडीत असतात.

परंतु ही पात्रे म्हणजे सोळा अवयव नव्हेत. ती कागदावरची कल्पना आहे. बुडी मारणारा पंचविशीतला आहे की पन्नाशीतला, होडीत त्याला उलट्या झाल्या का, रात्री त्याची झोप झाली का, हे त्या यंत्रास ठाऊक नसते. शिवाय तज्ज्ञांचेही एकमत नाही. सुमारे तीस मीटर खोलीवर वाटेत न थांबता वर येता यावे अशा बेताने किती वेळ राहावे? अमेरिकन नौदलाचा तक्ता २५ मिनिटे म्हणतो, हौशी पाणबुड्यांचा एक प्रसिद्ध तक्ता २०, तर कॅनडाचा सैनिकी तक्ता १५. समुद्र तोच, माणूस तोच. फरक आहे तो सावधपणाच्या मात्रेचा.

ही मात्रा ठरविण्याची सोय बहुतेक कॉम्प्युटरांत असते. काहींत ती साध्या पायऱ्यांनी दिलेली असते, तर काहींत '४०/८५' अशा दोन आकड्यांनी. यातला दुसरा आकडा हौशी बुडीला अधिक महत्त्वाचा. पृष्ठभागावर पोहोचताना ब्यूलमान यांनी दिलेल्या मुभेपैकी ८५ टक्केच वापरावयाची, असा त्याचा अर्थ. तो ७५ केला की तळाशी राहण्याची मिनिटे घटतात आणि पदरात थोडी शिल्लक उरते. पहिला आकडा वर येतानाचा पहिला थांबा किती खोल असावा, हे ठरवितो.

येथे एक इशारा दिला पाहिजे. पहिला थांबा जितका खोल, तितकी सुरक्षितता अधिक, असा समज एके काळी रूढ होता. अमेरिकन नौदलाने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत मात्र खोल थांबे घेतलेल्या १९८ बुड्यांपैकी ११ बुड्यांत दुखणे उद्भवले, तर उथळ थांब्यांच्या १९२ बुड्यांपैकी केवळ तिनांत. त्या बुड्या हौशी मर्यादेपलीकडच्या, बावन्न मीटरांच्या होत्या. तरीही सावधपणाचे सोंग आणि खरा सावधपणा यांतला भेद त्यांनी दाखवून दिला.

हौशी माणसाने करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. मात्रा होडीवर चढण्यापूर्वीच ठरवावी. प्रत्येकाने आपापला कॉम्प्युटर वापरावा आणि जोडीत ज्याचा कॉम्प्युटर अधिक सावध, त्याचे दोघांनी ऐकावे. मिनिटाला नऊ मीटरांहून अधिक वेगाने वर येऊ नये व पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबावे. वय, थकवा, थंडी यांची भर पडली असेल तर मात्रा एक पायरी वाढवावी.

आणि बुडी पाण्याबाहेर आल्यावर संपत नाही, हे विसरू नये. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी. अंगात नायट्रोजन उरलेला असताना घाट चढणे म्हणजे आणखी थोडे वर येणेच होय. विमानप्रवासापूर्वी एका बुडीनंतर निदान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर निदान अठरा तास थांबावे, हा नियम पुष्कळांना ठाऊक असतो. तोच नियम सहाशे मीटरांपुढच्या उंचीलाही लागू आहे, हे मात्र मोटारीत बसताना आठवत नाही.

दुपारी एकपासून अठरा तास मोजले, ते सकाळी सातला पुरे झाले. भाचा दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला घरी पोहोचला. माझ्या बहिणीने माशांची आमटी पुन्हा गरम केली आणि फोनवर मला म्हणाली, "उशीर झाला खरा, पण पोरगं धडधाकट घरी आलं." कॉम्प्युटरच्या हिशेबात न येणारी बाकी ती हीच.