गटाने खेळायची उजळणी

धडा शिकवून झाला की तो मुलांना कितपत आठवतो हे पाहण्यासाठी वर्गात उजळणी घेतात. एका सुरात म्हटलेले पाढे, तोंडी प्रश्नोत्तरे, भेंड्या ही तिची जुनी रूपे. गेल्या दहा-बारा वर्षांत तिच्यात डिजिटल खेळांची भर पडली आहे. प्रश्न पडद्यावर येतो, मुले पर्याय निवडतात आणि कोणी काय निवडले ते शिक्षकाला लगेच कळते. यांतले काही खेळ एकेकट्याने खेळायचे असतात, काही गटाने.

खेळाचा मुख्य फायदा आठवण्याच्या कष्टात आहे. हेन्री रॉडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा त्यांनी एकदा वाचून, न पाहता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचलेला उतारा जास्त आठवला : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र तो ४२ टक्केच आठवला आणि लिहून काढलेला ५६. पुन्हा वाचल्याने धडा येतो असे वाटते, पण तो टिकतो आठवायला लागल्यावर. उजळणीच्या खेळात मूल हेच करते आणि आपण परीक्षा देतो आहोत असे त्याला वाटत नाही.

या खेळांपैकी कहूट सर्वांत गाजला. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या विद्यापीठात प्रा. आल्फ इंगे वांग यांच्या संशोधनातून तो उभा राहिला आणि २०१३ मध्ये शाळांपर्यंत पोहोचला. बेंगळुरूत सुरू झालेला क्विझिझ २०१५ चा. वांग आणि रबैल ताहिर यांनी २०२० मध्ये कहूटवरच्या ९३ अभ्यासांचा आढावा घेतला. शिकणे, वर्गातले वातावरण आणि मुलांचा उत्साह यांवर परिणाम बहुतेक चांगलाच आढळला. तक्रारीही नोंदल्या गेल्या : घड्याळाचे दडपण, हरण्याची भीती आणि एकदा मागे पडले की पुढच्यांना गाठणे अवघड. ज्या मुलाला उजळणीची सर्वांत जास्त गरज असते तेच आधी मागे पडते, म्हणून हा दोष किरकोळ मानता येत नाही.

त्यावर उपाय गटाचा. २०१६ मध्ये आलेल्या क्विझलेट लाइव्हमध्ये तिघा-चौघांचा गट असतो. प्रश्न सर्वांना एकच दिसतो, पण पर्याय प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळे. बरोबर उत्तर त्यांतल्या एकाकडेच असते आणि कोणाकडे, हे आपसांत बोलल्याशिवाय कळत नाही. एक चूक झाली की गटाचे गुण शून्यावर येतात. त्यामुळे हुशार मुलाला घाई करून चालत नाही आणि गप्प बसणाऱ्याला बोलावेच लागते. ही युक्ती संगणकाच्या आधीची आहे. टेक्सासमधील ऑस्टिन शहरात १९७१ साली वेगवेगळ्या वंशांची मुले एका वर्गात आली आणि भांडणे सुरू झाली. तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट अरॉन्सन यांनी धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येकाला एकेक दिला. दुसऱ्याचे ऐकल्यावाचून कोणाचाच धडा पुरा होईना.

मात्र असे खेळ सोयीच्या शाळा डोळ्यांपुढे ठेवून बनलेले आहेत. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातले कुंभारवाडा घ्या. आजूबाजूला काळी व्याघ्र प्रकल्पाचे जंगल, विखुरलेल्या वाड्या आणि रेंज कधी आहे, कधी नाही. अशा भागातल्या लहान शाळेत एकाच शिक्षकाला दोन-तीन इयत्ता एकत्र घ्याव्या लागतात. गटात शिकणे कर्नाटकातल्या प्राथमिक शाळांना नवे नाही. म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात १९९५ साली सुरू झालेल्या ‘नली-कली’ पद्धतीत वेगवेगळ्या इयत्तांची मुले गटागटांनी बसूनच शिकतात. अडचण येते ती प्रत्येकाच्या हाती फोन हवा या अटीमुळे.

प्लिकर्स या ॲपमध्ये ती अट नाही. प्रत्येक मुलाकडे एक छापील कागदी कार्ड असते. त्यावर चौकोनी नक्षी आणि चार कडांना बारीक अक्षरांत चार पर्याय. निवडलेल्या पर्यायाची कड वर धरायची. शिक्षक आपला फोन वर्गावरून फिरवतात आणि कॅमेरा कार्डे वाचतो. प्रत्येकाची नक्षी वेगळी असल्याने शेजाऱ्याचे बघून कार्ड धरता येत नाही. फोन एकच लागतो, तोही शिक्षकाचा.

जोयडा कंदमुळांसाठी प्रसिद्ध आहे, तिथे दरवर्षी त्यांचा मेळाही भरतो. म्हणून विज्ञानाचा एक प्रश्न असा घालता येईल : बटाटा, आले, मुडली आणि रताळे यांपैकी मूळ कोणते? मुडली म्हणजे तिकडची अळूची मोठी गड्डी. बरीच कार्डे बटाट्याची वर आली, तर जमिनीखाली वाढते ते मूळ असा मुलांचा समज आहे हे शिक्षकाला कळते. इथे उत्तर सांगून टाकू नये. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझुर १९९१ पासून वापरत आलेली रीत अशी : आधी प्रत्येकाने एकट्याने मत द्यायचे, मग शेजाऱ्याला पटवायचे, मग पुन्हा मत. बरोबर उत्तरे निम्म्याच्या आसपास असली की ही चर्चा सर्वांत रंगते. बटाट्याच्या डोळ्यांतून कोंब येतो, आल्याला पेरे आणि खवले असतात, मुडलीच्या डोक्यावर पाने फुटतात, हे शेतावर जाणाऱ्या मुलांनी पाहिलेले असते. तिन्ही खोडे, रताळे तेवढे मूळ, हा निष्कर्ष मुलेच काढू शकतात.

चर्चेचा आणखी एक लाभ भाषेचा आहे. या भागातल्या कुणबी घरांत कोकणी बोलतात आणि शाळेत भाषा वेगळी असते. गटात मुले घरच्या भाषेत वाद घालतात आणि उत्तर शाळेच्या भाषेत देतात. या पुलाचे मोल शिक्षक रणजितसिंह डिसले यांच्या कामात दिसते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत त्यांच्या वर्गातल्या मुलांची भाषा कन्नड होती. ते कन्नड शिकले, पुस्तके त्या भाषेत आणली आणि त्यांत क्यूआर कोड घातले. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला.

चार पर्यायांच्या प्रश्नाने निबंध, गणिताची रीत किंवा प्रयोग तपासता येत नाही. तिथे वही आणि फळाच लागतो. एका तासाला पाच-सहा प्रश्न पुरतात, कारण वेळ चर्चेला जायला हवा. चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या चुकांमधूनच निवडावेत, गुणफलक गटांच्या नावाने लावावा आणि गट दर वेळी बदलावेत. जे प्रश्न जास्त चुकले, ते पुढच्या आठवड्यात नव्या शब्दांत पुन्हा विचारावेत.