'हॅव' म्हणजे फक्त 'जवळ असणे' नव्हे!



आज एका अगदी छोट्या इंग्रजी क्रियापदाबद्दल बोलू या. 'हॅव'. पहिलीपासून मुलं ते ऐकतात, तरी दहावीपर्यंत त्यात चुकतात. माझी स्वतःची या शब्दाबाबतची चूक मला एका मुलीने दाखवून दिली, तिथूनच सुरुवात करते.

पाचवीच्या वर्गात 'माझे कुटुंब' या विषयावर पाच वाक्ये लिहायला दिली होती. एका मुलीने लिहिलं, "आय हॅव वन ग्रँडमदर. आय हॅव नो फादर. आय हॅव नो मदर." वाचून मला धस्स झालं. मधल्या सुट्टीत तिला हळूच बाजूला घेऊन विचारलं. ती सहज म्हणाली, "आहेत ना बाई! पण दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेत. तुम्हीच सांगितलं ना, हॅव म्हणजे जवळ असणे. ते आता जवळ कुठेत?"

मी काय बोलणार? तिने माझाच नियम तंतोतंत पाळला होता. चूक नियमात होती.

मराठीत 'हॅव'ला एकच शब्द नाही

'हॅव'चा अर्थ आपण फळ्यावर 'जवळ असणे' असा लिहितो आणि पुढे जातो. पण आपण स्वतः कसं बोलतो ते बघा:

- नातं असेल तर: मला एक भाऊ आहे. (आय हॅव अ ब्रदर.)
- वस्तू हाताशी असेल तर: माझ्याजवळ पेन आहे. (आय हॅव अ पेन.)
- वस्तू मालकीची असेल तर: आमच्याकडे सायकल आहे. (वी हॅव अ बायसिकल.)
- घर, शेत असेल तर: त्याचं शेत आहे. (ही हॅज अ फार्म.)
- आजार असेल तर: मला ताप आहे. (आय हॅव अ फीवर.)
- अवयव किंवा भाग असेल तर: गाईला चार पाय असतात. (अ काऊ हॅज फोर लेग्ज.)

'ला', 'जवळ', 'कडे', 'चा-ची-चं' अशा वेगवेगळ्या रचना मराठी वापरते. इंग्रजी मात्र सगळीकडे एकच 'हॅव' वापरते. मराठीत भाऊ 'जवळ' नसतो, तो 'मला' असतो, मग तो गावात असो की परदेशात. म्हणून मुलांना एक अर्थ पाठ करायला देण्याऐवजी ही सहा वाक्ये शेजारी शेजारी लिहून दाखवावीत. मुलं आपोआप म्हणतात, "बाई, सगळीकडे हॅवच आलं की!" तो क्षण महत्त्वाचा.

आणि यात मराठीचं काही कमी आहे असं मुळीच नाही. हिंदी, कन्नड यांचंही असंच आहे. रशियन माणूससुद्धा रोजच्या बोलण्यात 'माझ्यापाशी आहे' अशाच वळणाने बोलतो.

'शी हॅव टू ब्रदर्स' ही चूक कुठून येते?

'ही, शी, इट'ला 'हॅज' आणि बाकी सगळ्यांना 'हॅव', हे मुलांना पाठ असतं. तरीही वहीत "सीता हॅव टू ब्रदर्स" येतंच. का?

मराठी वाक्य बघा. 'सीताला एक भाऊ आहे', 'सीताला दोन भाऊ आहेत'. सीता एकच, पण भाऊ वाढले की 'आहे'चं 'आहेत' झालं. म्हणजे मराठीत क्रियापद भावाच्या मागे जातं. इंग्रजीत ते सीतेच्या मागे जातं. भाऊ दोन असोत की पाच, 'सीता हॅज'च राहणार. मूल मराठीच्या सवयीने भाऊ मोजतं आणि 'हॅव' लिहितं. हा निष्काळजीपणा नाही, मातृभाषेचं व्याकरण पक्कं असल्याची खूण आहे!

यावर उपाय सोपा आहे. मुलांना सांगा, "वस्तू मोजू नका, मालक बघा." माझ्या वर्गात हे वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर असतं.

नकारात आणि प्रश्नात मात्र 'हॅज' गायब होतं: 'सीता डझन्ट हॅव अ पेन.' 'डझ सीता हॅव अ पेन?' बदल एकदा 'डझ'ने अंगावर घेतला की 'हॅव' आपल्या मूळ रूपात राहतं.

जिथे मालकी नसतेच

१. खाणं-पिणं, आंघोळ: 'हॅव टी' म्हणजे चहा घेणे, 'हॅव लंच' म्हणजे जेवणे, 'हॅव अ बाथ' म्हणजे आंघोळ करणे. या अर्थी 'आय ॲम हॅविंग लंच' बरोबर आहे. पण 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' चूक. मराठीत तरी आपण 'मला दोन भाऊ असत आहेत' म्हणतो का?

२. 'लागणे': मला जावं लागतं, 'आय हॅव टू गो'. तिला जावं लागतं, 'शी हॅज टू गो'.

३. काम पूर्ण झालेलं: मी जेवले आहे, 'आय हॅव ईटन'. इथे मुलं 'आहे' बघून 'आय ॲम ईटन' लिहितात. त्याचा अर्थ 'मला कुणीतरी खाल्लं आहे' असा होतो, हे सांगितलं की वर्ग खो-खो हसतो आणि चूक कायमची लक्षात राहते.

एक सावधगिरी. 'मला' दिसलं की 'हॅव' असाही नियम करू नका. 'मला भूक लागली आहे' याला 'आय ॲम हंग्री' म्हणतात, आणि 'मला आंबा आवडतो' याला 'आय लाइक मँगो'.

पालकांनी घरी काय करावं?

इंग्रजी येत नसलं तरी चालेल. रात्री जेवताना मुलाला मराठीतच विचारा: आपल्या घराला दारं किती? तुला मावश्या किती? आज तुला काय करावं लागलं? त्याने मराठीत उत्तर द्यावं, मग तेच इंग्रजीत सांगावं. चुकलं तर लगेच टोकू नका. फक्त विचारा, "मालक कोण?" रोज तीन वाक्ये पुरेत.

त्या मुलीची वही मी लाल शाईने खोडली नाही. 'मला आई-बाबा आहेत' आणि 'आई-बाबा माझ्याजवळ नाहीत' ही दोन वाक्ये लिहून तिच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "यातलं कुठलं हॅवचं, सांग." तिने थोडा विचार केला आणि लिहिलं: "आय हॅव अ फादर अँड अ मदर. दे आर नॉट हियर नाऊ."

दोन्ही वाक्ये बरोबर होती, आणि दोन्ही खरी होती. तेव्हापासून 'हॅव म्हणजे जवळ असणे' हे मी फळ्यावर लिहिलेलं नाही. तुमच्या वर्गात मुलं 'हॅव' कुठे चुकतात, तेही एकदा नीट बघा. चुकीच्या मागे बहुतेक वेळा आपलंच एखादं वाक्य सापडतं.