पाळणा की पडदा? बिलोलीच्या जोडप्यांसमोरची हैदराबादची दोन उद्याने

बिलोली हा नांदेड जिल्ह्याच्या आग्नेय कडेचा तालुका महाराष्ट्रात असला, तरी करमणुकीच्या मोठ्या उद्यानाला जायचे म्हटले की त्याचे तोंड पुण्या-मुंबईकडे नव्हे, तर हैदराबादकडे वळते. महाराष्ट्रातील परिचित उद्यान, म्हणजे मनमोहन शेट्टी यांच्या पुढाकाराने २०१३ मध्ये खोपोलीजवळ सुरू झालेले आणि २०२२ पासून संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे असलेले इमॅजिका, बिलोलीपासून रस्त्याने सहाशे किलोमीटरच्या घरात आहे. याउलट हैदराबादच्या आग्नेय भागातील रामोजी फिल्म सिटी आणि वंडरला ही दोन्ही उद्याने साधारण अडीचशे किलोमीटरच्या टप्प्यात येतात. स्वतःच्या गाडीने दोन-तीन दिवसांसाठी निघणाऱ्या जोडप्याला सहाशे किलोमीटर जाणे आणि तितकेच परत येणे म्हणजे सहलीचा बहुतेक काळ गाडीतच घालवणे होय, त्यामुळे त्याच्यापुढचा खरा प्रश्न इमॅजिका की हैदराबाद हा नसून हैदराबादच्या दोन उद्यानांपैकी कोणते, हा आहे.

हा कल केवळ आजच्या रस्त्यांनी घडवलेला नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बिलोली हैदराबाद राज्यातच होती. त्या वर्षी देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे वगळून नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला, आणि भाषेची सीमा मांजरेच्या पात्राजवळ येऊन थांबली. राजधानी बदलली तरी नदीपलीकडच्या बोधन आणि निजामाबादशी असलेला या भागाचा संबंध तुटला नाही. येसगीजवळ मांजरा ओलांडून सालूरामार्गे बोधनला जाणाऱ्या रस्त्याने आज जे जोडपे सहलीला निघते, ते आपल्या आजोबा-पणजोबांच्या राजधानीच्या वाटेनेच निघालेले असते.

आता दोन उद्यानांमधील फरक समजून घ्यायला हवा, कारण दोन्ही ठिकाणी तिकीट काढून दिवसभर आत राहायचे असले, तरी त्यांची जात वेगळी आहे. करमणूक उद्यान याचा मूळ अर्थ यंत्रावर बसून शरीराने अनुभवायच्या खेळांची, म्हणजे राइडची, जागा असा आहे. शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात उभा राहिलेला सुमारे ८० मीटर उंचीचा आकाशपाळणा हा या परंपरेतील एक ठळक टप्पा मानला जातो. दुसरी परंपरा चित्रपटाच्या स्टुडिओतून आली. पडद्यावरचे जग जिथे तयार होते ती जागाच प्रेक्षकाला दाखवावी, या विचाराने हॉलीवूडमधील युनिव्हर्सल स्टुडिओने १९६४ मध्ये पर्यटकांसाठी नियमित सफर सुरू केली, आणि रामोजी फिल्म सिटीतील पर्यटनाची कल्पना याच वंशातली आहे. थोडक्यात, वंडरलात माणूस चढतो, उलटा होतो, भिजतो. रामोजीत तो प्रामुख्याने पाहतो, ऐकतो आणि चालतो.

नांदेड जिल्ह्याला पहिली परंपरा नवीन नाही. लोहा तालुक्यातील माळेगावला मार्गशीर्षात भरणारी खंडोबाची यात्रा घोड्यांच्या आणि जनावरांच्या बाजारासाठी जशी प्रसिद्ध आहे, तशीच ती आकाशपाळणे आणि मौत का कुआँ यांचीही जागा आहे. मात्र यात्रेतला पाळणा प्रत्येक मुक्कामी सुटा होतो, ट्रकवर चढतो आणि पुढच्या गावी पुन्हा जोडला जातो, त्यामुळे त्याची सुरक्षितता त्या-त्या वेळच्या जोडणीवर अवलंबून राहते. कायमस्वरूपी उद्यानातील राइड पक्क्या पायावर उभी असते आणि रोज दरवाजे उघडण्याआधी तिची रिकामी फेरी घेऊन तपासणी करणे ही या व्यवसायातील रूढ पद्धत आहे. वेग आणि उंची अधिक असूनही मोठ्या उद्यानातली राइड यात्रेतल्या पाळण्यापेक्षा अधिक भरवशाची असण्याचे हेच मुख्य कारण आहे.

वंडरला ही केरळमधील व्ही-गार्ड उद्योगाचे संस्थापक कोचौसेफ चिट्टिलापिल्ली यांनी सुरू केलेली उद्यानांची साखळी असून तिचे पहिले उद्यान २००० मध्ये कोचीत, दुसरे २००५ मध्ये बंगळूरजवळ आणि तिसरे एप्रिल २०१६ मध्ये हैदराबादजवळ रावीर्याल येथे सुरू झाले. येथील सर्वांत चर्चेतली राइड म्हणजे 'रिकॉइल' ही उलटसुलट धावणारी रोलर कोस्टर होय. नेदरलँड्समधील वेकोमा या कंपनीच्या बूमरँग नावाच्या जगभर प्रसिद्ध रचनेवर ती आधारलेली आहे. गाडीला स्थानकातून मागच्या मागे खेचत सुमारे ३५ मीटर उंचीच्या टोकावर नेले जाते आणि तिथून सोडून दिले जाते. गाडी स्थानकातून पुढे झेपावत वळणावळणाने तीन वेळा उलटी होते आणि समोरच्या दुसऱ्या उंच टोकावर चढते. गाडीला इंजिन नसते, उंचीवर साठलेली ऊर्जाच उतारावर वेगात बदलते. पण चाकांच्या घर्षणाने आणि हवेच्या विरोधाने त्यातली काही ऊर्जा खर्च होत असल्याने गाडी दुसऱ्या टोकाच्या पूर्ण उंचीपर्यंत स्वबळावर पोचू शकत नाही, म्हणून तिथे साखळी तिला पकडून उरलेले अंतर वर ओढते आणि मग पुन्हा सोडते. परतीच्या प्रवासात तोच मार्ग पाठमोरा, म्हणजे पुढचे काहीही न दिसता, पार करावा लागतो. एका दिशेचा रूळ जेमतेम २८५ मीटर लांब असतो, या रचनेतला कमाल वेग ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास असतो आणि सगळा खेळ दोन मिनिटांच्या आत संपतो.

उलट्या झालेल्या गाडीतून माणूस पडत कसा नाही, या स्वाभाविक प्रश्नाचे उत्तर दोन भागांत आहे. पहिले असे की वेगाने वळणाऱ्या गाडीत शरीर सरळ रेषेत जाऊ पाहते आणि रूळ त्याला आत वळवत राहतो, त्यामुळे ते आसनाकडेच दाबले जाते. दुसरे असे की खांद्यावरून खाली येणारा पट्टा राइड संपेपर्यंत प्रवाशाला उघडता येत नाही. गाडीलाही रुळाच्या वर, बाजूला आणि खाली अशी तीन प्रकारची चाके असतात, म्हणून ती रूळ सोडू शकत नाही. तरीही शरीरावर येणारा दाब खरा असतो. उच्च रक्तदाब, हृदयविकार, मानेचे किंवा पाठीचे दुखणे असलेल्यांनी आणि गर्भवतींनी अशा राइडवर बसू नये, हा इशारा औपचारिकता म्हणून वाचून सोडण्यासारखा नाही. नवविवाहित जोडप्यांनी तर सहल ठरवतानाच त्याचा विचार करावा. तीव्र राइडसाठी उंचीची किमान अट असते, आणि वंडरलात तिकिटाचा दरही वयावर नव्हे, तर उंचीवर ठरतो.

वंडरलाचा दुसरा अर्धा भाग पाण्याचा आहे. कृत्रिम लाटांचा तलाव, घसरगुंड्या आणि कारंज्यांखालचे नाच यांसाठी नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याचे कपडे लागतात. सुती कापड पाणी शोषून जड होते आणि त्याचे धागे पाणी गाळणाऱ्या यंत्रात अडकतात, म्हणून साडी, सुती सलवार-कमीज किंवा जीन्स घालून तलावात उतरू दिले जात नाही. मराठवाड्यातील अनेक स्त्रियांना हा नियम दारात पोचल्यावर कळतो आणि त्यांचा दिवस काठावर बसून जातो, ही गोष्ट सहज टाळण्यासारखी आहे. असे कपडे घरूनच न्यावेत.

रामोजी फिल्म सिटी ही 'ईनाडू' दैनिकाचे संस्थापक रामोजी राव यांनी १९९६ मध्ये उभारली. ८ जून २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. १,६६६ एकरांचा हा परिसर जगातील सर्वांत मोठे चित्रपट-स्टुडिओ संकुल म्हणून गिनीज बुकात नोंदला गेला आहे. बागा, राजवाडे, रेल्वे स्थानक, विमानतळ, उत्तर भारतातील गल्ली आणि परदेशी रस्ता यांचे कायमचे सेट एकाच आवारात असल्याने निर्मात्याने पटकथा घेऊन आत यावे आणि पूर्ण चित्रपट घेऊन बाहेर पडावे, ही त्यामागची कल्पना होती. 'बाहुबली'चे भव्य सेट इथेच उभे राहिले आणि आजही ते पाहणाऱ्यांची रीघ असते. पर्यटकांना उघड्या बसमधून सेटची सफर घडवली जाते, नृत्य आणि साहसदृश्यांचे रंगमंचीय खेळ ठरलेल्या वेळी होतात, फुलपाखरांची बाग आणि पक्षी उद्यान आहे, आणि काही सौम्य राइडही आहेत. पण ज्याला राइडच हव्या आहेत, त्याची इथे निराशा होईल, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. इथला खरा आनंद पडद्यामागची बनवाबनवी उमगण्यात आहे. समोरून संगमरवरी दिसणारा राजवाडा मागून लाकूड, प्लायवूड आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचा असतो, एकाच इमारतीची एक बाजू रुग्णालय आणि दुसरी बाजू ग्रंथालय होऊ शकते, हे पाहिल्यावर माणूस पुढचा प्रत्येक चित्रपट वेगळ्या नजरेने पाहतो, आणि हा लाभ दोन मिनिटांच्या थराराहून जास्त टिकतो.

दोन्हींतून निवड करताना बहुतेक जण तिकिटाचा दर आणि राइडची संख्या यांची तुलना करतात. मित्रांच्या गटासाठी ती ठीक आहे, कारण दहा जणांपैकी तिघे घाबरले तरी त्या तिघांना एकमेकांची सोबत असते. जोडप्याच्या बाबतीत हिशेब बदलतो. दोघांपैकी एकाला उंची सोसत नसेल, तर दुसरा रिकॉइलच्या रांगेत उभा असताना पहिला कठड्याशी पिशव्या सांभाळत बसतो, आणि हेच दिवसभर घडत राहिले तर ज्या एकांतासाठी घर सोडले तोच हाती लागत नाही. आग्रहाने किंवा भिडेखातर बसवलेल्या माणसाला आनंद मिळत नाही. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय आणि डोळे यांच्याकडून मेंदूला मिळणारे संदेश जुळेनासे झाले की मळमळ आणि चक्कर सुरू होते, आणि ती धाडसाने आवरता येत नाही. म्हणून दोघांमध्ये ज्याची तयारी कमी, त्याचा शब्द अंतिम मानावा. आपल्याकडे असे निर्णय बहुतेकदा नवरा घेतो आणि बायको 'तुम्ही म्हणाल तसे' म्हणते. या एका प्रश्नावर तरी तिने मोकळेपणाने होकार किंवा नकार द्यावा आणि त्याने तो ऐकावा.

रस्त्याचा विचारही या निवडीत येतो. बिलोलीहून बोधन, निजामाबाद आणि डिचपल्ली गाठले की श्रीनगर-कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ लागतो. कामारेड्डी, रामायमपेटमार्गे मेडचलला आले की हैदराबाद शहरात न शिरता १५८ किलोमीटरच्या बाह्य वर्तुळाकार मार्गावर चढता येते. रामोजीसाठी पेद्दा अंबरपेटच्या ११ क्रमांकाच्या फाट्यावर उतरून विजयवाड्याच्या महामार्गाने थोडे पुढे जावे लागते, तर वंडरला १३ क्रमांकाच्या फाट्याला लागूनच आहे, म्हणजे अंतराच्या दृष्टीने दोन्हींत नाव घेण्यासारखा फरक नाही. या मार्गावर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा मोटारसायकलवर निघणाऱ्या जोडप्यांना बाजूच्या सेवा रस्त्यानेच जावे लागते. सकाळी लवकर निघून वाटेत डिचपल्लीचे काकतीयकालीन राममंदिर पाहावे, किंवा थोडी वाट वाकडी करून १९२४ मध्ये पूर्ण झालेले मेदकचे भव्य चर्च गाठावे, आणि उद्यानासाठी दुसरा दिवस राखावा, हे उत्तम. पाच-सहा तास गाडी चालवून त्याच दिवशी राइडवर बसणे प्रकृतीला मानवत नाही. त्याहून धोक्याचे आहे ते दिवसभर पाण्यात खेळून, दमलेल्या शरीराने, गाडी चालवणारा एकच असताना रात्री बिलोलीला परत निघणे. ते कोणत्याही परिस्थितीत करू नये. रामोजीच्या आवारातच हॉटेले आहेत, आणि वंडरलाहून शमशाबादच्या विमानतळाजवळील निवासांपर्यंतचा रस्ता सरळ आहे.

ऋतूचा प्रश्न मात्र सोपा आहे. रामोजीत उन्हातून बरेच चालावे लागते, म्हणून ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाहावे. वंडरलाचे पाणी एप्रिल-मेच्या तापलेल्या दिवसांतच खरे सुखावते, तर जोरदार पावसात आणि विजांच्या कडकडाटात उंच राइड बंद ठेवल्या जातात, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये पूर्ण तिकीट काढून अर्धाच दिवस हाती लागण्याचा संभव असतो. शनिवार-रविवार आणि शाळांच्या सुट्या टाळल्या तर दोन्हीकडे रांगा कमी मिळतात.

बिलोलीहून पहिल्यांदाच अशा सहलीला निघणाऱ्या, आणि राइडची आवड दोघांनाही सारखीच आहे याची खात्री नसलेल्या जोडप्याने रामोजी फिल्म सिटी निवडावी, कारण तिथे दोघे दिवसभर एकमेकांसोबत राहतात. ज्यांनी माळेगावच्या पाळण्यात दोघांनी मिळून हसत फेऱ्या घेतल्या आहेत आणि ज्यांच्या प्रकृतीला कसलीही बाधा नाही, त्यांनी उन्हाळ्यात निःशंकपणे वंडरलाला जावे. दोन्ही उद्याने एकाच दिवसात उरकण्याचा प्रयत्न मात्र कोणीही करू नये.