मुंग्यांची वाट आणि लवंगेचा वास

मृगाचा पाऊस पडला की आमच्या बुलढाण्याकडे घरोघरी बिनबोलावलेल्या पाहुण्या येतात. त्या म्हणजे मुंग्या! साखरेच्या डब्यात, देवाजवळच्या नैवेद्यात, इतकंच काय बाळाच्या दुपट्यातसुद्धा.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. चिखलीजवळच्या एका खेड्यात बचत गटाची बैठक होती. गटातली एक सून म्हणाली, "ताई, रात्री बाळाला मुंग्या चावतात हो, काय करू?" मी पटकन सांगून टाकलं, "अगं, मुंग्यांचा खडू मिळतो, पाळण्याभोवती रेघ ओढ." आठच दिवसांनी तिचा घाबऱ्याघुबऱ्या फोन आला. रांगतं बाळ खडू हातात घेऊन बसलेलं आणि तोंड पांढरं झालेलं! लगेच दवाखान्यात नेलं, बाळ सुखरूप राहिलं. पण सल्ला माझा होता ना! तो खडू शाळेतल्या खडूसारखाच दिसतो, पण त्यात कीटकनाशक असतं, हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

मग मी वाचायला लागले. सगळ्याच मुंग्या इथल्या नाहीत बरं का. लाल आगमुंगीची एक जात मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात ती स्पॅनिश जहाजांतून मनिलाला आली आणि पुढे आशियात पसरली, असं शास्त्रज्ञ सांगतात. आज ती भारतातही आहे. तमिळनाडूच्या दिंडीगुल जिल्ह्यात तर २०२२ साली पिवळ्या मुंग्यांनी माणसांना आणि गुराढोरांना हैराण केलं होतं.

यावर आपल्या मसाल्याच्या डब्यात काही आहे का? आहे. तैवानमधल्या संशोधकांनी २०१३ साली आगमुंग्यांवर लवंगेची पूड वापरून पाहिली. प्रयोगात मुंग्या काही तासांत मेल्या. लवंगेतलं युजेनॉल हे द्रव्य त्यात सगळ्यात झटपट काम करणारं ठरलं. मुंगी मिशांनी वास घेते आणि पुढची मागचीसाठी वासाची वाट आखत जाते. लवंग, पुदिना, गवती चहा यांच्या उग्र वासाने ती त्या जागेपासून दूर राहते.

पण भुलू नका. तेल उडून जातं, वास ओसरला की रांग परत सुरू. बिळातल्या राणीपर्यंत तर ते पोहोचतच नाही. घरातल्या काही बारीक मुंग्यांच्या वारुळात अनेक राण्या असतात. त्यांच्यावर उग्र फवारा मारला तर त्या फुटून चार ठिकाणी नवी घरं करतात!

म्हणून आमच्या गटाने साधा क्रम ठरवलाय. आधी सांडलेलं गोड, खरकटं उचलायचं. मग मुंग्यांची वाट साबणाच्या पाण्याने पुसायची, म्हणजे वासाची खूण जाते. जिथून येतात ती फट बुजवायची आणि तिच्या तोंडाशी लवंगेची पूड, दर काही दिवसांनी नवी. दुधाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत, हा आजीचा उपाय आजही चालतो.

आणि एक सांगते. नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे. कापूर किंवा निलगिरीचं तेल लहान मुलाच्या पोटात गेलं तर झटके येऊ शकतात. लवंगेचं तेल कातडीला भाजतं. बाटल्या उंच फळीवरच ठेवा, पाळण्याजवळ काहीच शिंपडू नका.

ते बाळ आता अंगणभर दुडूदुडू धावतं. मला पाहिलं की त्याची आई हसून म्हणते, "ताई, आता काय सांगता नवीन?" मीही हसते. पण सांगण्याआधी आता दोनदा विचार करते.