मेळघाटचं जंगल आणि वऱ्हाडचं पाणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वऱ्हाडात जंगलाचा विषय निघाला की वाघाची आणि चिखलदऱ्याच्या धुक्याची गोष्ट होते. अकोट-तेल्हाऱ्याच्या नळाला येणाऱ्या पाण्याची होत नाही. जंगलतोडीबद्दल आपण हळहळतो, पण तिचा आपल्याला नेमका काय फटका बसतो याबद्दलच्या समजुती बऱ्याच चुकीच्या आहेत. आणि दुखणं चुकीचं ओळखलं की उपायही चुकतो.

गैरसमज : जंगल तुटलं म्हणून पाऊस पळाला.

वस्तुस्थिती : वऱ्हाडचा पाऊस समुद्रावरून येणारे मोसमी वारे आणतात. झाडं बाष्प सोडतात, त्याचा थोडाफार हातभार लागतो. पण चिखलदऱ्याला अकोल्यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो तो मुख्यतः मेळघाटातल्या गाविलगडच्या डोंगरामुळे. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे, तर अकोला ३०० मीटरच्याही खाली.

जंगलाचं मोठं काम पाऊस पडून गेल्यावर सुरू होतं. मेळघाटचा डोंगर काळ्या पाषाणाचा. तो फार पाणी धरत नाही. पाणी धरते ती त्याच्यावरची माती, आणि ती माती जागेवर ठेवतात साग, धावडा, सालई, बांबू यांची मुळं आणि त्यांच्याखाली कुजणारा पालापाचोळा. झाडं गेली की पावसागणिक माती वाहून जाते. मग तेवढाच पाऊस पडतो, पण तो रात्रीतून ओढ्या-नाल्यांना पूर आणून निघून जातो आणि हिवाळा सरायच्या आत झरे आटतात. चिखलदरा तालुक्यातल्या कित्येक गावांना एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, यामागे उताराचा कठीण खडक आहे आणि त्याच्यावरची उघडी पडलेली जमीनही आहे.

गैरसमज : जंगल तिकडे डोंगरात, आम्ही इकडे मैदानात. आमचा काय संबंध?

वस्तुस्थिती : हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. तिथल्या जमिनीखालचं पाणी मुळातच खारं आहे. ते कुणी झाडं तोडल्यामुळे खारं झालेलं नाही, नदीच्या गाळाच्या थरांतलाच तो दोष आहे. विहीर खणा, बोअर मारा, पाणी पिण्याजोगं लागत नाही. शेकडो गावांनी पिढ्यान् पिढ्या ते पाणी पोटात घातलं, आणि त्या भागात मूत्रपिंडाच्या आजाराची भीती आजही घरोघर आहे.

या गावांना गोडं पाणी मिळतं ते डोंगराच्या पायथ्याच्या धरणांतून. वारी भैरवगडच्या वान प्रकल्पातून अकोट-तेल्हाऱ्याकडच्या चौऱ्याऐंशी खेडी योजनेला, आणि शहानूर धरणातून अंजनगाव-दर्यापूरच्या गावांना. वान आणि शहानूर, दोन्ही नद्या येतात मेळघाटच्या जंगलातून. खुद्द अकोला शहर पाणी पितं ते महानच्या काटेपूर्णा धरणाचं, आणि त्या जलाशयाभोवतीही अभयारण्य आहे. पाणलोटातलं जंगल विरळ झालं की माती धरणात येऊन बसते, गाळ साचतो आणि पाणी मावायला जागा कमी होते. वानचं पाणी कुणी घ्यायचं यावरून तेल्हाऱ्यात आंदोलनं झाली. ते पाणी ज्या रानातून येतं त्याच्यासाठीही तितक्याच हक्कानं बोललं पाहिजे.

गैरसमज : झाडं तोडली तर ऑक्सिजन संपेल.

वस्तुस्थिती : हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आहे आणि तो असा संपत नाही. जुनं जंगल जेवढा ऑक्सिजन तयार करतं, जवळपास तेवढा तिथल्याच जीवांच्या श्वसनात आणि पाला कुजण्यात खर्च होतो. ही भीती मुलांना शिकवण्यापेक्षा माती आणि पाण्याचा धडा शिकवावा, कारण तिथली हानी खरी आहे.

गैरसमज : अकोल्याचं ऊन जंगलतोडीमुळेच.

वस्तुस्थिती : अकोला समुद्रापासून दूर आहे, सखल आहे. उन्हाळ्यात काळं शेत उघडं पडतं आणि कोरडे वारे वाहतात. ऊन पूर्वीही होतं. पण झाड सावली देतं आणि पानांतून पाणी सोडून भोवतालची हवा निववतं. जिल्ह्याचा दहावा हिस्साही जंगलाखाली नसेल तर हा आधार उरत नाही. मे २०२४ मध्ये अकोल्यात उष्णतेच्या लाटेमुळे जमावबंदीचं कलम १४४ लावावं लागलं. असल्या उन्हात मरण होतं ते मजुराचं, हमालाचं, शेतात राबणाऱ्या बाईचं.

गैरसमज : एक तोडलं तर दहा लावू.

वस्तुस्थिती : २०१९ मध्ये राज्यानं ३३ कोटी रोपं लावण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. रोपं लावणं चांगलंच. पण खड्ड्यातलं रोप म्हणजे जंगल नव्हे, आणि संत्र्याची बागही नव्हे. वरुड-मोर्शीचा पट्टा उपग्रहातून हिरवा दिसतो, पण तिथल्या बागांसाठी बोअरवेलनं पाणी उपसून भूजल खोल गेलं. देशाच्या वन अहवालात १० टक्क्यांहून जास्त छत्र असलेला एक हेक्टरचा कोणताही तुकडा ‘वनाच्छादन’ म्हणून धरला जातो, मग झाड कुठलंही असो आणि जमीन कुणाचीही. म्हणून आकडा वाढला तरी जंगल वाढलं असं होत नाही.

अकोला-खंडवा रेल्वेचा वादही झाडांच्या आकड्याचा नव्हे, सलग जंगलाचा होता. मीटरगेजची गाडी जानेवारी २०१७ मध्ये थांबली. ब्रॉडगेज जुन्याच मार्गानं, मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून न्यावी असा आग्रह होता. वेगवान गाड्या वाढल्या की रान दोन तुकड्यांत चिरलं जातं, झाडं किती तुटली हा हिशेब त्यापुढे लहान. हिवरखेड, सोनाळा, जामोदकडून जाणारा पर्यायी मार्ग जंगलही वाचवतो आणि जास्त गावांना रेल्वेही देतो.

गैरसमज : आदिवासीच जंगल संपवतात.

वस्तुस्थिती : मेळघाटातले कोरकू आदिवासी सरपण घेतात, मोह वेचतात, हे खरं. पण १८६० च्या दशकात रेल्वे आणि कापसाच्या तेजीनं वऱ्हाडचं रूप पालटलं, आणि त्याच दशकात इंग्रजांनी मेळघाटचं जंगल राखीव केलं. लाकूड सरकारच्या हाती गेलं, कोरकूंचा हक्क आटला. पुढे परतवाड्याचा सागवानाचा बाजार वाढला तो काही कोरकूंच्या चुलीसाठी नव्हे.

हक्क परत मिळाला तर काय होतं ते अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर गावानं दाखवलं. वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये गावाला सुमारे १९० हेक्टर उजाड वनजमिनीवर सामूहिक हक्क मिळाला. गावानं चर खणले, झाडं लावली, कुऱ्हाडबंदी पाळली. रान पुन्हा उभं राहिलं आणि सीताफळांतून गावाला पैसाही मिळू लागला. २०१४ मध्ये पायविहीरला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला.

वान, शहानूर आणि काटेपूर्णेचं पाणी पिणाऱ्या प्रत्येक ग्रामपंचायतीनं आणि नगरपालिकेनं आपल्या धरणाच्या पाणलोटातल्या जंगलाचा हिशेब दरवर्षी मागावा, आणि पायविहीरसारखे सामूहिक वनहक्क मागणाऱ्या डोंगरातल्या गावांच्या पाठीशी उभं राहावं.