चारशे किलोमीटरचं ऑलिंपिक

मिलानहून कोर्टिना द'आम्पेझोला गाडीनं जायचं तर चारशे किलोमीटरहून जास्त अंतर पडतं. २०२६च्या फेब्रुवारीतलं हिवाळी ऑलिंपिक या दोन गावांच्या जोडनावानं झालं, पण स्पर्धा उत्तर इटलीभर विखुरलेल्या होत्या. आइस हॉकी आणि फिगर स्केटिंग मिलानला, पुरुषांचं अल्पाइन स्कीइंग बोर्मिओला, महिलांचं कोर्टिनाला, स्नोबोर्डिंग लिविन्योला, बायॅथलॉन ऑस्ट्रियाच्या सीमेलगत अँथोल्झला आणि समारोप थेट वेरोनाच्या रोमनकालीन अरीनात. उद्घाटनाचं संचलनसुद्धा चार ठिकाणी झालं, ज्योती दोन शहरांत पेटल्या.

या विखुरण्यामागे नाइलाज होता. सोचीच्या २०१४च्या अवाढव्य खर्चानंतर यजमानपद म्हटलं की लोक बिचकू लागले. २०२६साठी इन्सब्रुक, सिओन आणि कॅल्गरी इथल्या मतदारांनी सार्वमतात नकार दिला. जून २०१९मध्ये मतदान झालं तेव्हा मैदानात दोनच प्रस्ताव उरले होते. इटलीनं स्टॉकहोम-ओरेवर ४७ विरुद्ध ३४ मतांनी मात केली, ती प्रामुख्यानं आहे ते वापरू या भरवशावर. बोर्मिओचा स्टेल्व्हिओ उतार, अँथोल्झचं बायॅथलॉन केंद्र, फिएमे खोऱ्यातले स्की मार्ग ही जागतिक स्पर्धांची जुनी ठिकाणं. कोर्टिनानं तर १९५६चं ऑलिंपिक भरवलेलं.

ही कल्पना मला मनापासून पटते. तिची किंमतही आहे: खेळाडू सहा क्रीडाग्रामांत वाटले गेले, एका खेळाचा माणूस दुसऱ्या खेळातल्याला भेटणं अवघड झालं. तरीही पंधरा-सोळा दिवसांसाठी एखादं खोरं कायमचं खोदून ठेवण्यापेक्षा हे बरं. स्पीड स्केटिंगच्या बाबतीत आयोजक या विचाराला जागले. बाझेल्गा दि पिने इथल्या उघड्या धावपट्टीवर छप्पर घालण्याचा खर्च वाढत गेला, तेव्हा तो बेत सोडून मिलानजवळच्या रो इथल्या प्रदर्शन दालनांत तात्पुरती धावपट्टी उभारली गेली.

बॉबस्ले, ल्यूज आणि स्केलेटन यांच्या बर्फाळ घसरमार्गापाशी मात्र हा शहाणपणा संपला. कोर्टिनाचा जुना 'एउजेनिओ मोंती' मार्ग २००८पासून बंद होता. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं, परदेशात चालू असलेला मार्ग वापरा, असं वारंवार सुचवलं. ऑस्ट्रियातला इग्ल्सचा मार्ग जवळच होता. बांधकामासाठी ठेकेदार मिळेना, म्हणून ऑक्टोबर २०२३मध्ये या शर्यती देशाबाहेर नेण्याचं जाहीरही झालं. मग सरकारनं हट्ट धरला. लार्चची शेकडो झाडं तोडली गेली, फेब्रुवारी २०२४मध्ये काम सुरू झालं आणि पावणेदोन किलोमीटरच्या मार्गावर मार्च २०२५मध्ये पहिल्या चाचण्या झाल्या. मजुरांनी आणि अभियंत्यांनी वर्षभरात जे केलं ते थक्क करणारं होतं, यात वाद नाही. पण ते करायला नको होतं.

कारण उत्तर इटलीतच आधीचा दाखला उभा होता. तुरिनच्या २००६च्या ऑलिंपिकसाठी चेझाना परिओलला असाच मार्ग बांधला होता. त्याचं रोजचं गोठवणं परवडेना, चालवायला पुरेसे खेळाडू मिळेनात, आणि काही वर्षांतच त्याला कुलूप लागलं. कोर्टिनाच्या मार्गाचा वार्षिक खर्च आता स्थानिक संस्थांच्या माथी आहे.

२०३०चं यजमानपद फ्रेंच आल्प्सकडे आहे. तिथेही स्पर्धा विखुरलेल्याच असतील, पण बॉबस्लेसाठी १९९२च्या आल्बेरविल ऑलिंपिकचा ला प्लान्य इथला मार्ग आधीपासून चालू आहे, आणि स्पीड स्केटिंगसाठी नवी धावपट्टी बांधण्याऐवजी सीमेपलीकडचं सभागृह वापरण्याची वाट फ्रेंचांनी सुरुवातीलाच खुली ठेवली.